एकशे तीसवरून तीनशे वीसवर

रेल्वेचा ड्रायव्हर म्हणून आयुष्यात मी गाडी सगळ्यात जोरात पळवली ती ताशी १३० किलोमीटरने. तीही नोकरीच्या शेवटच्या वर्षात, इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे जाताना. त्याआधीची बहुतेक वर्षं ११० च्या वर काटा नेण्याची परवानगीच नव्हती. लोकांना वाटतं, इंजिनात बसलेला माणूस मनाला येईल तशी गाडी हाकतो. तसं काही नसतं. लॉबीत साइन ऑन केलं, म्हणजे ड्युटीची हजेरी लावली, की हातात कॉशन ऑर्डर पडते. या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत ३०, पुढे ५०, त्यापुढे पूर्ण वेग. सगळं कागदावर. पस्तीस वर्षं मी त्या कागदाप्रमाणे चालवलं आणि ३१ मे २०२४ ला साठ पूर्ण करून घरी बसलो.

जपानला जाण्याचं हे सगळं सुरू झालं कल्याण-शीळ रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये. रिटायर झाल्यावर महिन्याभरात भाच्याच्या गाडीतून नवी मुंबईला चाललो होतो. शीळफाट्याच्या अलीकडे पाऊण तास गाडी जागची हलली नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहेत, तो याच शीळफाट्याला वर येणार. भाचा म्हणाला, "मामा, इथून ३२० ने गाडी सुटेल." मी मनात हिशेब केला. ती सुटेल तेव्हा माझं वय काय, गुडघे कसे, आणि तिकीट परवडेल का. मग वाटलं, जिथे ती आजच धावते तिथेच जाऊन बसून यावं. जपानची पहिली शिंकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, सुटली १ ऑक्टोबर १९६४ ला. माझा जन्म त्याच वर्षी मे महिन्यातला. म्हणजे ती माझ्याहून पाच महिन्यांनी धाकटी.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, जन्म गेला गाडीत, आता सुट्टीतही गाडीच?" पण नाही म्हणाली नाही.

पासपोर्ट दोघांकडेही नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज भरला. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट आहे, म्हणून मला १३५०. जन्मतारखेचा पुरावा म्हणून निवृत्त सरकारी माणसाला पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, चालतो. मी तो लॅमिनेट करून ठेवला होता, तो कामी आला. केंद्रात टोकन मिळतं आणि ए, बी, सी अशा तीन खिडक्या ओलांडायच्या असतात. ए वर फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन. बी वर कागदांची तपासणी, सी वर मंजुरी. माझं पाऊण तासात आटोपलं. ही बी वरून परत आली. आधारवर तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'आय', पॅनवर दोन 'ई'. खिडकीवरच्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. इतकी वर्षं दोन्ही कार्डं एकाच डब्यात ठेवून आम्हीच कधी शेजारी धरून पाहिली नव्हती. आधार केंद्रात ५० रुपये भरून दुरुस्ती केली, तीन आठवड्यांनी पुन्हा तारीख घेतली. फी पुन्हा भरावी लागली नाही. तुम्ही जाणार असाल तर आधी सगळी कार्डं टेबलावर मांडून अक्षरन् अक्षर जुळवा.

पोलीस चौकशी झाली आणि पासपोर्ट आले स्पीड पोस्टाने. माझा सप्टेंबरच्या शेवटी, हिचा दिवाळीनंतर. पाकिटावरचा 'स्पीड' हा शब्द वाचून मी उगाचच हसलो.

मग जवळजवळ वर्षभर काहीच झालं नाही. हिच्या गुडघ्याचं दुखणं, घरातलं एक लग्न, आणि थोडी माझी चालढकल. मधल्या काळात आमच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर एक बातमी फिरली. सप्टेंबर २०२४ मध्ये जपानात जोडून धावणाऱ्या दोन शिंकानसेन ताशी ३१५ किलोमीटरच्या वेगात असताना एकमेकींपासून सुटल्या. मार्च २०२५ मध्ये तसंच पुन्हा झालं. कुणालाही इजा झाली नाही. ग्रुपवर लगेच, "आता जाऊ नकोस रे बाबा."

मला मात्र उलटाच धीर आला. आमच्या भाषेत याला पार्टिंग म्हणतात. कपलिंग तुटलं की ब्रेकचा पाइपही सुटतो, हवा जाते आणि गाडीच्या दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतो. मी तरुणपणी मालगाडीवर असताना कसाऱ्याच्या अलीकडे माझी गाडी अशी तुटली होती. मागून एक झटका बसला, गेजचा काटा खाली आला, आणि चहाचा थर्मास असिस्टंटच्या पायावर. त्यानंतर पाच मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नव्हतो. जपानातही तत्त्व तेच, दोन्ही गाड्या आपल्याआपण थांबल्या. ३१५ ला जी गोष्ट तुटूनही माणसं धड घरी जातात, तिच्यात बसायला माझी हरकत नव्हती.

गणपती विसर्जन झालं आणि ९ सप्टेंबर २०२५ ला व्हिसाचा अर्ज दिला. जपानचा पर्यटक व्हिसा भारतीयांना आता ई-व्हिसा म्हणून मिळतो, पण अर्ज मुंबईतल्या व्हिसा केंद्रातच द्यायचा. जपान सरकारची फी तेव्हा नाममात्र होती, केंद्राचा सेवा आकार त्याहून जास्त. कागद लागले ते असे: फॉर्म, फोटो, विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं, आणि रोजच्या रोजचा कार्यक्रम. हा शेवटचा कागद लोकांना वैताग वाटतो. मला तो भरताना फार बरं वाटलं. कुठल्या दिवशी कुठून कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, संपर्काचा नंबर काय. आमची ड्युटीची लिंक, म्हणजे कामाचं वेळापत्रक, अगदी अशीच असते. मुलाने पुण्याहून फोनवर विचारलं, "बाबा, ७ तारखेला 'टोकियो-सेंदाई-टोकियो' एवढंच? सेंदाईत काय बघणार?" म्हटलं, प्लॅटफॉर्म.

पेन्शनच्या खात्यात ग्रॅच्युइटीतून केलेल्या मुदत ठेवीची मोठी रक्कम एकदम आली होती. तिचं स्पष्टीकरण चार ओळींत लिहून सोबत जोडलं. कुणी मागितलं नव्हतं, पण प्रश्न येण्याआधी उत्तर दिलेलं बरं.

आठ कामाच्या दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ईमेल आला. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा ई-व्हिसा विमानतळावर फोनवरच दाखवायचा असतो, आणि तोही इंटरनेट चालू ठेवून, थेट त्यांच्या पानावरून. स्क्रीनशॉट किंवा प्रिंट धरत नाहीत. मी नोकरीभर प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवणारा माणूस, मला हे पचायला वेळ लागला. प्रिंट काढलीच, बॅगेत ठेवली, कुणी विचारली नाही. 'व्हिजिट जपान वेब'वर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती आधीच भरून ठेवली तर तिथली रांग लवकर सरकते.

४ नोव्हेंबरला निघालो. मुंबई ते दिल्ली, तिथून रात्रीचं टोकियोचं विमान. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा वेग इथेच होऊन गेला. पुढच्या सीटच्या पाठीवर नकाशा होता, त्यात जमिनीच्या हिशेबाने वेग दिसतो. पहाटे तिथे १०६१ चा आकडा होता. पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा उंचावरचा जोराचा वारा पाठीशी असतो म्हणून. परत येताना तोच वारा तोंडावर, त्या रात्री ७६० च्या वर आकडा गेला नाही, आणि प्रवास दोन तासांहून जास्त लांबला. पण १०६१ ला मला काय वाटलं म्हणाल तर काहीच नाही. बाहेर काळोख, आत घोरणं, आणि ट्रेमधल्या पाण्यावर तरंगसुद्धा नाही. बाहेर खांब नसला की ड्रायव्हरला वेग समजत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला होता. टोकियो स्टेशनावर तिकीट काढलं. देशभर चालणारा सात दिवसांचा रेल्वे पास तेव्हा ५०,००० येनांचा होता. आमच्यासारख्या एका फेरीसाठी तो घेऊ नका. सेंदाईपर्यंतचं एका बाजूचं तिकीट साडेअकरा हजार येनांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसहा हजार रुपयांच्या वर. हायाबुसा नावाची जी सगळ्यात वेगवान गाडी, तिला सगळ्या जागा आरक्षित असतात. जनरल डबा नाही.

मशीनमधून प्रत्येकी दोन-दोन तिकिटं बाहेर आली. मी एक गेटमध्ये घातलं, गेट बंद. पुन्हा घातलं, पुन्हा बंद. मागे रांग. कुणी हॉर्न मारला नाही, की 'ओ काका' म्हटलं नाही, त्यामुळे जास्तच शरम वाटली. एक तिकीट भाड्याचं आणि एक जलद गाडीच्या अधिभाराचं असतं. दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालायची, आणि पलीकडून परत घ्यायला विसरायचं नाही. गणवेशातल्या एका मुलीने माझ्या हातातली तिकिटं पत्त्यांसारखी जुळवून दिली.

प्लॅटफॉर्म २० ते २३ वरून या उत्तरेच्या गाड्या सुटतात. आम्ही तासभर आधी पोचलो होतो, आणि तो तास फुकट गेला नाही. गाडी आली, लोक उतरले, सफाईवाले आत शिरले. सात मिनिटांत डबा झाडून, पुसून, सगळ्या सीट उलट्या दिशेला फिरवून बाहेर. ही घड्याळ लावून बसली होती. म्हणाली, "आपल्याकडे एवढ्या वेळात फक्त कोण कुठे बसणार ते ठरतं."

आमची गाडी सतरा डब्यांची. मागे दहा डबे हिरव्या हायाबुसाचे, पुढे सात कोमाची नावाच्या लाल गाडीचे. त्या बातमीत एकमेकींपासून सुटलेल्या गाड्या याच जोडीच्या. दोन्ही नाकं जिथे जुळतात तिथे मी जरा वाकून पाहून घेतलं.

सुटलो, आणि माझी थोडी निराशा झाली. उएनो झालं, गाडी वर आली, घरांच्या गच्च्यांवरून वाळत घातलेले कपडे बघत चाललो. वेग ओळखीचा वाटला. फारच ओळखीचा. मग आठवलं, हे मी वाचलं होतं: ओमियापर्यंत दोन्ही बाजूंना दाट वस्ती, आवाजाचा त्रास नको म्हणून तिथे मर्यादा ताशी १३० आहे. म्हणजे जगातल्या नावाजलेल्या गाडीत बसून मी पहिली वीस-पंचवीस मिनिटं माझ्याच वेगाने चाललो होतो. हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ता तुम्हीच चालवताय असं समजते," आणि दशम्यांचा डबा उघडला.

ओमिया सोडल्यावर मात्र पाठ सीटला टेकली. झटका नाही, नुसता एक सलग रेटा. २७५, आणि उत्सुनोमियाच्या पुढे ३२०. हे आकडे मला पाठ होते, पण डब्यात कुठे वेगाचा आकडा दिसत नव्हता. म्हणून मी दोन हत्यारं आणली होती. पहिलं जुनं. पूर्वी रूळ १३ मीटरचे असत, सांध्यावर चाक गेलं की खट्ट वाजे. ४७ सेकंदांत जितके खट्ट ऐकू येतील तितका ताशी वेग. इंजिनातलं मीटर बंद पडलं की जुने ड्रायव्हर असाच अंदाज घेत. पुढे जोडलेले लांब रूळ आले आणि तो आवाज गेला. मग किलोमीटरचे दगड आणि घड्याळ. १०० ला ३६ सेकंद, १३० ला साधारण २८. ३२० ला सव्वाअकरा सेकंद व्हायला हवेत. मी कपाळ काचेला लावून बसलो. आवाज अडवणाऱ्या भिंतींमधून काहीतरी पांढरं सपकन जाई, तो किलोमीटरचा खांब की आणखी काही, ठरवेपर्यंत बोगदा. कान दडे बसल्यासारखे. बोगद्यातून बाहेर, पुन्हा पांढरं काहीतरी. पस्तीस वर्षांच्या सवयीचे डोळे, पण एकही पाटी वाचता आली नाही.

तेव्हा कुठे पटलं की इथे रुळाच्या कडेला सिग्नलच का नाहीत. वाचणार कोण? किती वेगाने जायचं ते ड्रायव्हरला समोरच्या पडद्यावर दिसतं आणि जास्त झाला तर यंत्रणाच ब्रेक लावते.

दुसरं हत्यार मोबाइलमधलं वेग दाखवणारं ॲप. ते शून्य दाखवत होतं. मुलाने दिलेल्या सूचनांपैकी मी 'लोकेशनची परवानगी द्या' ही एवढीच विसरलो होतो. सेटिंगमध्ये शोधून ती देईपर्यंत बाहेर सेंदाईची घोषणा. आकडा उमटला, ४१. गाडी प्लॅटफॉर्मला लागत होती. टोकियोपासून दीड तास. भाड्याच्या हिशेबाने साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे आपलं कल्याण ते जळगाव जवळजवळ.

सेंदाईत आम्ही शहर फारसं पाहिलं नाही. स्टेशनाबाहेर झाडं पिवळी झाली होती, त्याखाली बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या. परतीचं तिकीट काढताना मी हाताने खुणा करून दोन नंबरचा डबा मागून घेतला, कारण टोकियोकडे जाताना एक नंबरचा डबा सगळ्यात पुढे असतो. गाडी यायच्या वीस मिनिटं आधी प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

ते हिरवं नाक पंधरा मीटर लांब आहे. बोगद्यात शिरताना हवेचा दणका बसू नये म्हणून तसं केलेलं. गाडी आली आणि खुणेवर थांबली. खुणेवर म्हणजे खुणेवरच, वीतभर इकडे-तिकडे नाही. केबिनच्या खिडकीतून ड्रायव्हर दिसला, तिशीतला असेल. पांढरा हातमोजा उचलून त्याने समोर बोट दाखवलं, ओठ हलले. मग घड्याळाकडे बोट, पुन्हा ओठ हलले. आत दुसरं कुणी नव्हतं. एकटाच बोलत होता.

आमच्याकडे सिग्नल दिसला की असिस्टंट हात करून ओरडतो, "डबल यलो!" आणि ड्रायव्हरने तेच परत म्हणायचं. रात्री तीन वाजता, डोळे मिटत असताना, धुक्यात, तेच एकमेकांना सांगत राहायचं. नवीन पोरांना पहिले काही महिने लाज वाटते. जपानी लोक ही बोट दाखवून बोलण्याची पद्धत शंभराहून जास्त वर्षं पाळत आलेत, हे मला वाचून माहीत होतं. पण तो हातमोजा वर गेला तेव्हा माझाही हात आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, "प्रोसीड." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायला नकोच होतं, तो ड्युटीवर होता. ही मात्र बघत होती. तिने मला नोकरीत असताना कधी इंजिनात पाहिलंच नव्हतं.

परतीला फोन तिच्याकडे दिला. परवानगी दिलेली, बॅटरी भरलेली. तिने तो काचेला टेकवून धरला आणि हळू आवाजात आकडे वाचू लागली. दोनशे नव्वद. तीनशे चार. तीनशे अकरा. बोगद्यात आकडा गोठतो, बाहेर आलं की काही सेकंदांनी पुन्हा चालू होतो. तिच्या खांद्यावरून मी स्वतः ३१८ पाहिला. पुढे लांब बोगदा लागला. चटणीचा हात चिकट झाला होता, म्हणून धुऊन येतो म्हटलं. गाडी इतकी स्थिर की चालताना कशाला धरावं लागलं नाही. परत आलो तेव्हा आकडा २७४ झाला होता.

"तीनशे वीस झाले," ही म्हणाली. "अगदी बरोबर वीस. तुम्ही नळाशी होतात."

स्क्रीनशॉट काढलास का विचारलं. तो कसा काढतात ते तिला माहीत नव्हतं.

खर्च दोघांचा मिळून, विमान, सात रात्रींचं उएनोजवळचं चिमुकलं हॉटेल आणि सगळं धरून, दोन लाख ऐंशी हजारांच्या आत बसला. डेटासाठी ई-सिम इथूनच घेऊन ठेवा. खाणं शाकाहारी असेल तर चार दिवसांचा कोरडा डबा बांधा, दशम्या टिकतात. आणि ॲपला लोकेशनची परवानगी विमानतळावरच देऊन टाका.

नोकरीतली माझी रनिंगची वही अजून आहे. तिची शेवटची पानं कोरी होती. घरी आल्यावर त्यात लिहिलं: ०७/११/२०२५, हायाबुसा, सेंदाई-टोकियो, कमाल ३१८, स्वतः पाहिला. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर खाली हिच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: ३२०. मी पाहिला.